पोर्तुगीज फुटबॉल कोच पाउलो सोसा एवढे क्लब का बदलतात? आणि त्यांची ३-४-२-१ पोरांना शिकवावी का?

मोहननगर_हाफ
नमस्कार. नागपुरात १७ वर्षांखालची टीम पाहतो. सध्या आमचं साधं ४-४-२ आहे (चार डिफेंडर, चार मिडफील्डर, दोन फॉरवर्ड). सोसा कोच असतानाच्या इटलीतल्या फिओरेंटिना क्लबच्या २०१५-१६ च्या मॅचेस पाहिल्यापासून त्यांची ३-४-२-१ (तीन डिफेंडर, चार मिडफील्डर, त्यांच्यापुढे दोन आणि सर्वांत पुढे एक फॉरवर्ड) पोरांना शिकवावीशी वाटते आहे. पण त्यांचा प्रवास पाहिला की शंका येते. पद्धत एवढी चांगली, तर माणूस कुठेच का टिकत नाही? आणि आपल्या मैदानांवर हे जमेल का?

कामठी_लिबेरो
आधी खेळाडू म्हणून बघा, म्हणजे कोच समजेल. जन्म १९७० चा, विझेऊचा. १९८९ मध्ये रियाधला पोर्तुगालने युवा विश्वचषक जिंकला, त्या संघात होते. बेनफिका, मग १९९३ मध्ये थेट स्पोर्टिंग, तिथून युव्हेंटस. १९९६ मध्ये युव्हेंटसकडून चॅम्पियन्स लीग आणि लगेच पुढच्या वर्षी डॉर्टमुंडकडून, तीही फायनलमध्ये युव्हेंटसलाच ३-१ हरवून. पुढे गुडघ्याने साथ सोडली. बचावफळीसमोर उभं राहून खेळाची गती ठरवणारा हा खेळाडू, आणि त्यांच्या प्रत्येक संघात तीच जागा सगळ्यात महत्त्वाची असते.

कोच म्हणून वाट अशी: क्वीन्स पार्क रेंजर्स, स्वान्सी, लेस्टर, हंगेरीत व्हिडिओटॉन, मकाबी तेल अवीव, बासेल, फिओरेंटिना, चीनमध्ये तिआनजिन, बोर्दो, पोलंडचा राष्ट्रीय संघ, ब्राझीलमध्ये फ्लामेंगो, सालेर्निताना, आणि २०२४ पासून दुबईचा शबाब अल-अहली.

मकाबी (२०१३-१४) आणि बासेल (२०१४-१५) या दोन्ही ठिकाणी लीग जिंकली, आणि दोन्हीकडे एकच हंगाम थांबले. बासेलने तर लिव्हरपूलला मागे टाकून चॅम्पियन्स लीगची अंतिम १६ गाठली. म्हणजे दरवेळी हकालपट्टीच झाली असं नाही. लेस्टरला मात्र ९ लीग सामन्यांत एकच विजय मिळाला आणि ऑक्टोबरातच बाहेर. पोलंड त्यांनी २०२१ च्या डिसेंबरात स्वतः सोडलं, वर्ल्डकपचा प्लेऑफ तोंडावर असताना. तिथल्या लोकांचा राग रास्त होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

पद्धतीची मर्यादा बघायची तर इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधला स्वान्सीचा २००९-१० चा हंगाम बघा. ४६ सामन्यांत फक्त ३७ गोल खाल्ले, पण केले फक्त ४०. ६९ गुण, सातवा नंबर. ७० गुणांवर ब्लॅकपूल प्लेऑफमध्ये गेलं आणि तिथून थेट प्रीमियर लीगमध्ये. बॉल आपल्याकडे राहतो, पण समोरच्या गोलपुढच्या बॉक्समध्ये माणसं कमी पोचतात. हा दोष पोरांच्या टीममध्ये आणखी वाढतो.

सदर_विंगबॅक
तुमची टीम ४-४-२ खेळते हा फायदाच आहे भाऊ. फिओरेंटिना बॉल नसताना जवळपास तेच खेळायची. डावा विंगबॅक (बाजूच्या रेषेवर वर-खाली धावणारा) मार्कोस अलोन्सो खाली येऊन लेफ्ट बॅक व्हायचा, मागच्या तीन सेंटर बॅकमधला (मधल्या डिफेंडरांमधला) उजवा, म्हणजे बऱ्याचदा तोमोविच, सरकून राइट बॅक व्हायचा, आणि उजवा विंगबॅक मिडफील्डच्या ओळीत थांबायचा. म्हणून पोरांना बचाव नव्याने शिकवायची गरज नाही. फक्त बॉल मिळाल्यावरची अर्धी बाजू शिकवा.

सुरुवात ४० बाय २५ मीटरच्या चौकोनात करा. गोलकीपर आणि तीन डिफेंडर, समोर दोन फॉरवर्ड. बाजूच्या डिफेंडरने बॉल पायात घेऊन रेषा ओलांडली की एक गुण. नुसता पास देऊन गुण नाही, कारण बॉल घेऊन पुढे येणारा सेंटर बॅक हाच या खेळाचा पाया आहे. हे जमलं की दोन मिडफील्डर वाढवा, पण दोघं एका आडव्या ओळीत उभे राहता कामा नयेत. एक खाली, एक तिरपा वर. त्यानंतरच दोन ‘दहा नंबर’, म्हणजे फॉरवर्डच्या मागे खेळणारे दोघं, आणा.

बिघडतं ते बहुतेक इथेच. दहा नंबरवाल्याला बॉल मिळत नाही, म्हणून तो मागायला खाली येतो. मग मधे पाच जण जमतात आणि फॉरवर्ड एकटा पडतो. त्याला सांगा, समोरच्या टीमच्या मिडफील्डच्या पाठीमागेच थांब, पास येवो न येवो. दुसरी चूक म्हणजे दोन्ही विंगबॅक एकाच वेळी वर जातात. बॉल गेला की बाजूच्या सेंटर बॅकला २५-३० मीटर रुंद पट्टा एकट्याला सांभाळावा लागतो. नियम साधा ठेवा: बॉल डावीकडे असेल तर उजवा विंगबॅक मधल्या रेषेपाशी.

आपल्याकडे खडबडीत मैदानावर बॉल उसळतो. मधून जाणारे पास १२-१५ मीटरच्या आतच ठेवा. एप्रिल-मे मध्ये हा सराव सकाळी सहालाच, आणि दर १५ मिनिटांनी पाणी. पोरं थकली की जागा आधी सुटते, पाय नंतर.

कामठी_लिबेरो
एक भर. ही पद्धत रुजायला पूर्ण प्रीसीझन (हंगामाआधीचा सरावाचा काळ) लागतो असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सोसा सालेर्नितानाला हंगामाच्या मधेच आले. पहिली मॅच लाझिओकडून हरले, मग सलग १० लीग सामने अपराजित, त्यात ८ बरोबरी. संघ खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचला. पुढच्या हंगामात मात्र पूर्ण तयारी करूनही पहिल्या ८ सामन्यांत एकही विजय नाही, आणि ऑक्टोबरात काढलं. वेळेइतकंच माणसांवरही अवलंबून असतं. शबाब अल-अहलीत खेळाडू तोडीचे होते, पहिल्याच हंगामात लीग आणि प्रेसिडेंट्स कप दोन्ही आले.

मोहननगर_हाफ
बॉल पायात घेऊन पुढे येईल असा सेंटर बॅक माझ्याकडे एकच आहे, आणि तो डावखुरा. तरी सुरू करू का?

सदर_विंगबॅक
करा. त्याला तिघांत डावीकडे ठेवा, बॉल त्याच्याच बाजूने काढा. त्याच्या पुढचा विंगबॅक रेषेला चिकटून बराच पुढे ठेवा, म्हणजे या डावखुऱ्याला आत यायला वाट मिळेल. उजवीकडे तुमचा नेहमीचा राइट बॅकच तिसरा डिफेंडर म्हणून चालेल, बॉल गेला की तो आपल्या मूळ जागी. प्रॅक्टिस मॅचमध्ये आधी फक्त पहिल्या हाफला हे खेळा, दुसऱ्या हाफला ४-४-२. आणि गोलकीपरला आत्तापासून पायाने खेळायची सवय लावा, नाहीतर समोरच्या दोन फॉरवर्डनी दाबलं की तो बॉल लांब मारेल आणि सगळी रचना तिथेच मोडेल.