रात्रीच्या स्लीपर बसनं बेळगाव-पुणे, सोबत लॅपटॉप. कसा न्यायचा? सल्ला पाहिजे

शहापूरकरीण:
नमस्कार मंडळी. दर पंधरा दिवसांनी पुण्याला जाणं-येणं चाललंय, लॅपटॉप कंपनीचा. गेल्या खेपेला सॅक पायापाशी ठेवून झोपले आणि वरच्या बर्थवाल्याची कोल्ड्रिंकची बाटली सांडली ती नेमकी सॅकवर, स्पेसबार अजून चिकटतोय. ऑफिसात अजून सांगितलं नाही. सॅक कुठली घेऊ, ठेवू कुठं? आणि पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) विमानानं जायचंय, पॉवर बँक कुठं ठेवायची?

खानापूरचा_पाऊस:
ताई, सॅकच्या रेनकव्हरवर जाऊ नका, ते पाठीकडून उघडंच असतंय. मी स्लीव्हमधला लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, तोंड दुमडून मग सॅकमध्ये. आमच्याकडं जून ते सप्टेंबर दुसरा इलाजच नाही. ठेवायचा डोक्याकडं, भिंतीच्या बाजूला, पट्टा हातात अडकवून. आणि डिकीत कधीच टाकू नका, कागलच्या पुढं रस्त्याचं काम आणि डायव्हर्जन, वरून लोकांच्या तांदळाच्या पोत्या.
अजून एक. एसी गाडीतनं दमट हवेत उतरलात की लगेच चालू करू नका, थंड मशीनवर बाष्प धरतं. मी चोर्ला घाटानं पणजीला जातो तेव्हा अर्धा तास तसाच ठेवतो.

निपाणीकर_७२:
झाकण मिटलं म्हणजे बंद झाला असं समजू नका हो. पूर्ण शटडाऊन करा. माझा सॅकमध्येच मधनंच जागा झाला, पुण्यात बाहेर काढला तर तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी संपलेली.

टिळकवाडी_कट्टा:
पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, सोबतच्या बॅगेतच पाहिजे. १०० वॉट-अवरपर्यंत अडचण नसते, १०० ते १६० असेल तर एअरलाइनला विचारावं लागतं. २०,००० एमएएचची म्हणजे ३.७ व्होल्टनं ७४ वॉट-अवर, निवांत ने. लॅपटॉप पण सोबतच, तपासणीला ट्रेमध्ये वेगळा काढायला सांगतात म्हणून सॅकमध्ये वरच ठेव, नाहीतर रांगेत चड्ड्या-टॉवेल सगळं बाहेर काढत बसशील.

शहापूरकरीण:
😂 बरं. पण मध्यरात्री ढाब्यावर गाडी थांबते तेव्हा काय करायचं? बाथरूमला सॅक घेऊन जायचं का?

निपाणीकर_७२:
होय, घेऊनच जायचं, पुढून छातीवर अडकवून. आमच्या शेजारच्या पोराची बॅग अशाच थांब्यावर सीटवरनं गेली. गाडी कऱ्हाडच्या पुढं गेल्यावर कळलं, पुण्यातली चौकी म्हणे कऱ्हाडला जा आणि इथली म्हणे महाराष्ट्रात जा. कुणी असं टोलवलं तर झिरो एफआयआर म्हणा. गुन्हा कुठंही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावाच लागतो, मग ते त्या हद्दीत पाठवतात. त्यासाठी सिरीयल नंबरचा फोटो मोबाईलमध्ये आधीच काढून ठेवा, लॅपटॉपच्या तळाशी असतो. रेल्वेत काही झालं तर १३९ ला फोन करा.

टिळकवाडी_कट्टा:
मशीन गेलं तर कंपनी दुसरं देईल, आतला डेटा गेला तर पंचाईत. बिटलॉकर (डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का आयटीवाल्यांना विचार, आणि त्याची रिकव्हरी की चिठ्ठीवर लिहून त्याच सॅकमध्ये ठेवू नकोस, असली माणसं बघितलीत मी. आणि निघायच्या आदल्या रात्री बॅकअप. त्या स्पेसबारचं पण आयटीला सांगून टाक की, आत ओल असेल तर पुढं बोर्ड जाईल.

खानापूरचा_पाऊस:
आणि पुण्याच्या लोकांसाठी कुंदा (आपली बेळगावची मिठाई) नेत असाल तर त्याच सॅकमध्ये नको, तूप सुटतंय. माझ्या चार्जरला अजून वास येतोय.

शहापूरकरीण:
दर खेपेला अर्धा किलो कुंदा त्याच सॅकमध्ये असतो 🙈 ह्या वेळी गोकाकचा करदंट नेते. आयटीला आत्ताच मेल टाकला, बघू काय म्हणतात.