रविवारी सगळ्यांनी मिळून गायचं का? (सोसायटी ग्रुप)

ए-५०३: नमस्कार मंडळी. विसर्जन झालं, मांडव उतरला. आता हिशेबाचे मेसेज सुरू होतील, त्याआधी एक विषय मांडते. जरा लांब आहे, पण वाचा.

दहा दिवस आरतीला सहा वर्षांची मुलं आणि ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा एकच ओळ एका दमात म्हणत होते. हातात कागद कुणाच्याच नव्हता. 'घालीन लोटांगण'ला मुलं लय वाढवून पुढे पळायची आणि आजोबा टाळ्यांनी त्यांना धरून ठेवायचे. ही मुलं आरती कुठल्या क्लासला शिकलेली नाहीत, मोठ्यांच्या शेजारी उभी राहून शिकली आहेत. लहान आणि म्हातारी माणसं मिळून काही करतात अशी आपल्याकडे वर्षातली ही एकच वेळ, आणि अनंत चतुर्दशीला तीही संपते. एरवी ज्येष्ठांचा कट्टा गेटपाशी, मुलं वर क्लबहाउसात. दोघांची गाठ पडते ती कुणाच्या पाठीत चेंडू बसला तरच.

म्हणून सुचवते, कोजागिरीला एकदा बसू आणि मग दर रविवारी संध्याकाळी ६ ते ७ क्लबहाउसात सगळ्यांनी मिळून गाऊ. स्टेज, माइक, स्पर्धा यांतलं काहीही नको.

सी-१०२: मस्त! माझ्याकडे कराओकेचा पूर्ण सेट आहे. आणू का?

ए-५०३: दादा, सेट गॅदरिंगला नक्की आणा. इथे मात्र पेटीच हवी असं मला वाटतं. कराओकेला एक जण गातो आणि बाकीचे आपला नंबर कधी येतोय ते बघत बसतात.

सी-१०२: पण त्यात पट्टी बदलता येते, हे लक्षात घ्या.

ए-५०३: येते, पण थांबता येत नाही. आजींचा श्वास अर्ध्या ओळीत संपला तर पेटीवाला थांबतो, ट्रॅक पुढे निघून जातो.

बी-२०१: ताई, तुमचं पटलं. मी लहान असताना आमच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडात रेडिओ होता. १९५५ साली रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला एक नवं गाणं, अशी ५६ गाणी. ती ऐकायला आख्खा वाडा त्या एका खोलीत जमायचा. शब्द एकाला सापडायचे, चाल दुसऱ्याला, आणि रात्री ओट्यावर सगळे मिळून ते जुळवायचे. माझी आजी आणि मी तेच गाणं एकाच आठवड्यात शिकत होतो, हे मला आजही फार मोलाचं वाटतं. पेटी माझी घ्या. भाता थोडा गळतोय, दुरुस्त करून आणतो.

डी-४०४: विरोध नाही, पण मुलीचं बारावीचं वर्ष आहे आणि क्लबहाउस आमच्या खिडकीखाली आहे.

ए-५०३: माइक नकोच म्हणतेय ते यासाठीही. दारं लावून बसू आणि ७ ला पेटी बंद करू. कमी ऐकू येणाऱ्यांनाही स्पीकरचा त्रासच होतो. श्रवणयंत्रात सगळा गलका एकत्र येतो आणि शब्द कळत नाहीत. शेजारचा माणूस गात असला तर ओठ बघून ओळ पकडता येते.

बी-६०२: आमची मुलं इंग्रजी माध्यमातली आहेत. देवनागरी वाचतात, पण अडखळत. मी शब्दांची पीडीएफ करून ग्रुपवर टाकते, मोठ्या टायपात.

ए-५०३: तुमच्या मनात काय आहे ते कळतंय, तरी मी कागदाच्या विरोधात आहे. कागद आला की माना खाली जातात. वाचताना मुलं मागे राहतात आणि ज्येष्ठांचा वेळ चष्मा शोधण्यात जातो. पालखी दोन मुक्काम पुण्यात असते तेव्हा नाना पेठेत, भवानी पेठेत आपण दिंड्या बघतोच. वीणेकरी मधे, टाळकरी दोन्हीकडे. एकाने चरण म्हणायचं, बाकीच्यांनी मागून उचलायचं. वाचता न येणाऱ्या माणसालाही अभंग याच रीतीने पाठ होत आले आहेत. आपणही मागून म्हणू. एक ओळ चार वेळा झाली तरी चालेल.

ए-३०१: मी नात लिहितेय, आजी सांगतेय. ती म्हणते, कोजागिरीपर्यंत कशाला थांबायचं, नवरात्रात भोंडला करा. पाटावर हत्ती ती काढेल. त्या गाण्यांना चार-पाचच सूर लागतात, त्यामुळे कुणाचाही आवाज पोचतो. शिवाय गोष्ट पुढे सरकत जाते. सुनेला माहेरी जायचंय आणि सासू दर कडव्याला कारल्याचं पुढचं काम सांगते, आधी बी, मग वेल, मग फूल, मग कारलं. पुढे काय येणार ते लहान मुलं स्वतःच ओरडून सांगतात. आणि आजी म्हणते, मुलग्यांनीही फेर धरायचा.

ए-५०३: आजींना नमस्कार सांग. चार-पाच सुरांचं त्या बोलल्या ते सगळ्यांनी ध्यानात ठेवा. वय झालं की बायकांचा आवाज खाली उतरतो. पेटीच्या काळी पाच पट्टीत सहज गाणाऱ्या काकू आता तिच्याखालच्या काळी तीनला बऱ्या वाटतात. फार खाली लावलं तर मुलांचा आवाज दबतो. म्हणून लांब ताना आणि उंच जागा असलेली गाणी नकोत, कितीही आवडती असली तरी. सुरुवात काळी तीनच्या आसपास करू आणि मुलांना जड गेलं तर अर्धा सूर चढवू. गाणं कुणाला शोभतं हे बघायचं नाही, सगळ्यांना झेपतं का ते बघायचं.

सी-५०५: काकू, मी गिटार आणू का? आणि फक्त जुनीच गाणी का? आमची पण घ्या ना.

ए-५०३: आण, नक्की आण. तुमच्या एका गाण्याला आमचं एक. फक्त परत परत म्हणता येईल असं ध्रुवपद असलेलं निवड, आणि ते आजोबांना तू शिकवायचंस. मुलांनीच शिकत राहायचं आणि मोठ्यांनी सांगत राहायचं, असं झालं तर मुलं चार रविवारांत गळतील.

बी-४०१: आमच्या चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी भजनं अजून म्हणतात. अभंगाच्या वळणाची आहेत, मागून म्हणायला सोपी. एक आणू?

बी-२०१: अवश्य आणा! टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र आमच्या घरात सगळ्यांनी वाचलंय. टिळकांचं भजन तुमच्याकडून ऐकायला आणि शिकायला फार आवडेल.

सी-३०३: आमच्या चिरंजीवांचा आवाज फुटतोय. गायचं म्हटलं की खोलीत जाऊन दार लावतो.

ए-५०३: त्याला ढोलकी द्या. आवाज स्थिरावेल तेव्हा गाईल, तोवर लय त्याच्या हातात. कुणी 'म्हणून दाखव' म्हणायचं नाही, एवढं सगळ्यांनी पाळा.

डी-१०३: एक विचारायचं होतं. आईला आता माझं नावही कधीकधी आठवत नाही. पण परवा आरतीला तिने सगळी कडवी म्हटली, मंत्रपुष्पांजलीसुद्धा. तिला आणलं तर चालेल का? ती मधेच उठते, कधी मोठ्याने बोलते.

ए-५०३: आणाच. लहानपणी पाठ झालेली गाणी फार खोल रुजलेली असतात, बाकीचं गेलं तरी ती पुष्कळदा राहतात. त्यांची खुर्ची दाराजवळ ठेवू, म्हणजे उठल्या तरी अडचण नाही. त्यांना येणाऱ्या दोन-तीन चाली मला कळवा, सुरुवात त्यांनीच करू.

सी-५०५: काकू, मी आजींच्या शेजारी बसेन. आरतीला आम्ही शेजारीच उभे होतो.

डी-१०३: 🙏

सेक्रेटरी: क्लबहाउस रविवारी ६ ते ७ राखून ठेवतो, भाडं नाही. त्या वेळेत वाढदिवसाची बुकिंग कुणी करू नये. भोंडल्याचं अष्टमीला धरू का?

ए-३०१: आजी म्हणतेय, अष्टमी चालेल. आणि खिरापत किती जणांची करायची ते आज रात्रीपर्यंत कळवा. काय केलंय ते मात्र विचारू नका, ओळखायचंय.