मदत हवी आहे: २० दोलनं म्हणजे सार्थ अंक एकच धरायचा का? (अकरावी, फिजिक्स जर्नल)

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. त्यामुळे रात्री जेवणं उरकली की आम्ही बापलेक तिची वही घेऊन बसतो. सिग्निफिकंट फिगर्स, म्हणजे सार्थ अंक (मापात खरोखर वाचलेले, अर्थ असलेले अंक), यावर दोन दिवस अडकलोय आणि सोमवारी जर्नल द्यायचंय.

मी झवेरी बाजारात एका पेढीवर काट्यावर असतो, म्हणून शेवटच्या शून्याचं मला कळतं. लंबकाच्या गोळ्याचा व्यास व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या पट्टीवर) २.४० सेंमी आला, हिने २.४ लिहिलं, बाईंनी लाल गोल केला. मी तिला म्हटलं, आमच्या काट्यावर ४.३५० ग्रॅम दिसतं तेव्हा काट्याने मिलिग्रॅमच्या घरातही बघितलेलं असतं आणि तिथे शून्य निघालेलं असतं. ४.३५ लिहिलंस तर तिथे बघितलंच नाही, असं होतं. हे तिला पटलं. ०.०२४० मीटरमधली सुरुवातीची शून्यं नुसती जागा धरतात, सार्थ अंक तीनच, हेही जमलं.

अडलंय ते पुढे. लंबकाची लांबी ८२.२ सेंमी, २० दोलनांना ३६.४ सेकंद. एका दोलनाला १.८२. पण भागाकारात ज्या संख्येचे सार्थ अंक सगळ्यात कमी, तेवढेच उत्तरात ठेवायचे ना? २० मध्ये तर एकच. मग उत्तर २ सेकंद? तिच्या मैत्रिणीने तसंच लिहिलंय. पण २ धरून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढला (सूत्र: ४π² × लांबी ÷ एका दोलनाच्या वेळेचा वर्ग) तर ८११ सेंमी/से² येतो, आणि पुस्तकात ९८० च्या आसपास आहे!

१.८२ धरलं तर कॅल्क्युलेटर ९७९.६९ दाखवतो. तीन अंक ठेवले की ९८०. आता या ९८० मधलं शून्य धरायचं की सोडायचं?

प्रतिसाद १
दादा, मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ३६.४ सेकंद तुमच्या मुलीने मापले, २० दोलनं मात्र मोजली. ती साडेएकोणीस किंवा वीस आणि थोडी नव्हती, नेमकी वीस होती. मोजलेल्या संख्येत शंकेला जागा नसते, म्हणून तिचे सार्थ अंक धरतच नाहीत. व्यासाची त्रिज्या करताना भागायचा २ आणि सूत्रातला ४ यांचंही तेच. π हवा तेवढ्या अंकांपर्यंत घ्या. म्हणजे १.८२ बरोबर.

वीस दोलनं घेतो ती याचसाठी. स्टॉपवॉच ०.१ सेकंदापर्यंत दाखवतं. एकाच दोलनाला वेळ लावली असती तर १.८ एवढंच हाती आलं असतं. तीच ०.१ वीस दोलनांत वाटली गेली, म्हणून पुढचा अंक मिळाला.

९८० बद्दलची शंका अगदी रास्त आहे. नुसतं ९८० लिहिलं तर वाचणाऱ्याला दोन की तीन ते कळायला मार्ग नाही. ९.८० × १०² सेंमी/से² लिहा, नाहीतर सरळ ९.८० मी/से².

प्रतिसाद २
काका, ८२.२ कसं काढलं तेही बघून घ्या. दोऱ्याची लांबी अधिक गोळ्याची त्रिज्या ना? बेरजेत सार्थ अंक बघत नाहीत, दशांश स्थळं बघतात. फूटपट्टीचं माप एकाच स्थळापर्यंत असेल तर बेरीजही तिथेच थांबवायची.

धागाकर्ता
ताई, मनापासून आभार. मापले आणि मोजले, एवढ्या एका फरकावर दोन रात्री गेल्या होत्या.

दुसऱ्या प्रतिसादाचेही आभार, वेळेवर सांगितलंत. दोरा ८१.० आणि त्रिज्या १.२०, आणि हिने कोष्टकात ८२.२० लिहून ठेवलं होतं. आत्ताच खोडून ८२.२ केलं. आता मैत्रिणीला फोन लावून बसलीय, तिचंही जर्नल सोमवारीच द्यायचंय.