'लूजर्स कन्सेंट'ला मराठीत काय म्हणावे?

राज्यशास्त्रातल्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'लूजर्स कन्सेंट' ही संज्ञा वारंवार येते. ज्यांचा पक्ष हरला त्या मतदारांनीही निकाल मानणे, लोकशाहीवरचा विश्वास न सोडणे, असा अर्थ. 'पराभूतांची संमती' लिहिले, पण कानाला खटकते. दुसरे काही सुचते का?

*

'हार मानणे' नको. त्यात प्रयत्न सोडून दिल्याची छटा आहे. 'पराभवाचा स्वीकार' चालेल.

*

स्वीकार निरुपायानेही होतो, त्यामुळे तो अपुरा वाटतो. 'पराभूत'चीही अडचण आहे. निवडणुकीत पडतो उमेदवार. मतदार पडत नाही, तरी 'आपण हरलो' म्हणतो आणि ते त्याला लागते. अनेक देशांतल्या पाहण्यांत जिंकलेल्या बाजूचे मतदार लोकशाहीबद्दल जास्त समाधानी आढळले आहेत. सत्तेत अनेक पक्षांना वाटा मिळतो तिथे हे अंतर कमी दिसते.

माझ्या मते सगळी गोम 'पटणे' आणि 'मान्य असणे' यांतल्या फरकात आहे. २००० साली देशभरात जास्त मते मिळूनही फ्लोरिडातल्या ५३७ मतांमुळे अल गोर यांचे अमेरिकेचे अध्यक्षपद हुकले. सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली, तेव्हा १३ डिसेंबरच्या भाषणात त्यांनी निर्णयाशी ठाम असहमती नोंदवली आणि तो मान्यही केला. 'संमती'त मत जुळणे गृहीत आहे. इथे ते जुळलेले नव्हते. म्हणून 'हरलेल्यांची मान्यता' सुचवतो.

*

'मान्यता' पटली. जोडीला 'कौल' हा शब्दही पाहा. मूळ अरबी, अर्थ बोल किंवा वचन. जुन्या मराठी कागदपत्रांत कौल म्हणजे अभयपत्र. 'जनतेचा कौल' म्हणताना आता नुसता निर्णय उरला आहे, पण जुना अर्थ या विषयाला फार जवळचा आहे. पुढची निवडणूक होईल, विरोधात बोलता येईल, हे अभय जिंकणाऱ्याने दिले नाही, तर हरलेल्याने मान्यता द्यावी कशाच्या भरवशावर?

*

दोघांचेही मनापासून आभार. 'हरलेल्यांची मान्यता' घेते, आणि पहिल्या वापराशी 'निकाल न पटताही तो मान्य असणे' असा खुलासा जोडते. मसुद्यात एके ठिकाणी 'खिलाडूवृत्ती' लिहिले होते, ते मात्र काढते आहे. खेळ संपला की दोन्ही संघ आपापल्या घरी जातात. इथे हरलेल्यांना जिंकणाऱ्यांनी केलेल्या कायद्यांखाली राहायचे असते.