पहिला लाइव्ह शो वाजवला, गिटार उतरली अन् तबला चढला

टेकडीवरचा_गिटारवाला
मंडळी, परवा शनिवारी आयुष्यातला पहिला शो वाजवला, नागपूरच्या धरमपेठेतल्या एका कॅफेच्या गच्चीवर. मी गिटार आणि गाणं, सोबत मित्र तबल्यावर. तीन महिने रोज खोलीत प्रॅक्टिस, सहा गाणी झोपेतही म्हटली असती, तरी पचका झालाच. आम्ही आत एसीत बसून निवांत सूर जुळवले आणि बाहेर आलो तर एप्रिलची हवा, साडेआठलाही भट्टी. दुसऱ्या गाण्यात लक्षात आलं की गिटार उतरलीये (सूर खाली) आणि तबला चढलाय (सूर वर), मधल्यामध्ये मी कुठल्या पट्टीत गात होतो ते टेकडीच्या गणपतीलाच माहीत. त्यात मला माझाच आवाज ऐकू येईना म्हणून ओरडत सुटलो, चौथ्या गाण्याला घसा बसला. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं तर सगळी गाणी पळवलेली, घरी अर्धा तास लागतो ते 22 मिनिटांत खलास. बाबा पहिल्या रांगेत बसून टाळ्यांनी ठेका धरत होते, तोही चुकीच्या मात्रेवर 😄
पुढच्या महिन्यात तिथंच परत बोलावलंय. काय बदलू?

भोंगेवाला
भाऊ, ऐकू नाही आलं म्हंजे तुह्यासमोर मॉनिटर (गाणाऱ्याले त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) नव्हता, नाहीतर होता अन् त्याच्यात तबलाच तबला होता. मी पंधरा वर्षं झाली साउंड लावून राहिलो, लग्न, जागरण, गणपती सगळं. पोट्टे येतात, सरळ स्टेजवर चढतात, आमच्याशी एक शब्द बोलत नाहीत अन् मंग म्हणतात साउंडवाल्यानं वाट लावली. पहिले ये, चहा पाज, अन् सांग की मॉनिटरमध्ये माहा आवाज जास्त द्या, गिटार थोडी, तबला नको. तबला तर बाजूलाच वाजून राहिला ना बे, तो तसाही ऐकू येते.
अन् व्हिडिओत पाहून माइकची जाळी मुठीत नको धरू. तो माइक समोरचंच ऐकते ते जाळीमागच्या फटींमुळे, त्या झाकल्या की चारी बाजूचं ऐकू लागते, मंग मॉनिटरचा आवाज परत माइकात घुसते अन् कुऊऊ करून कानठळ्या. मॉनिटर पण माइकच्या शेपटीकडेच पायजे. गिटारच्या पिकअपची (तारांचा आवाज पकडते ते) नऊ व्होल्टची बॅटरी त्या दिवशी नवी टाक, जुनी बरोबर गाण्यातच मरते. वायर लांब असंल तर डीआय बॉक्स (गिटार अन् मिक्सरच्या मधात लावायचा डबा) माग, नाहीतर हम्म्म येतच राहते.

काळी_एक
मी तबल्यावाला, म्हणून तुझ्या मित्राच्या बाजूने बोलतो, त्याची चूक नाही. कोरड्या गरम हवेत चामडं ताणतं, तबला चढतो. गिटारची तार तापून सैल होते, ती उतरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे होणारच. वाद्यं निदान अर्धा तास आधी जिथं वाजवायची तिथंच नेऊन ठेवा आणि सूर तिथंच लावा. फक्त कूलरसमोर नको!! एकदा आमच्या मागे आयोजकांनी प्रेमाने मोठा कूलर लावला, ती ओली हवा लागून तबला असा बसला की दर गाण्यानंतर मी हातोडी घेऊन गट्ठे (सूर लावायचे, वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकतोय आणि लोकांना वाटलं हाच कार्यक्रम आहे.
थोडाफार फरक पडला तर गिटार तबल्याला जुळवून घे, तुझं दोन मिनिटांत होतं. नव्या तारा चार-पाच दिवस आधी टाक, आदल्या रात्री टाकशील तर ताणत राहतील.

सदरची_गायिका
पळवणं सगळ्यांचंच होतं, छाती धडधडत असते आणि आपल्याला तीच लय वाटते. मी गाणं सुरू करायच्या आधी धृपदाची एक ओळ मनात पूर्ण म्हणते, मगच मान हलवते. ती चार-पाच सेकंदं फार लांब वाटतात पण समोरच्यांना कळतही नाही. आणि घसा बसू नये म्हणून पट्टी अर्ध्या सुराने खाली घे, म्हणजे घरी पेटीच्या काळी दोनला गात असशील तर पांढरी दोन.
आणि ते दहाचं लक्षात ठेव. उघड्या जागेत रात्री दहाला स्पीकर बंद. आमच्या आधीच्या बँडने लांबवत लांबवत पावणेदहा केले, आमची जेमतेम दोन गाणी झाली आणि ज्या गाण्यासाठी मामा काटोलहून आले होते ते राहूनच गेलं. मामा अजून ऐकवतात. तेव्हापासून हुकमी गाणं दुसऱ्या नंबरला, शेवटाला कध्धीच नाही.

टेकडीवरचा_गिटारवाला
भोंगेवाले भाऊ, चहा पक्का, सोबत तर्री पोहे पण. ताई, हुकमी गाणं शेवटीच ठेवलं होतं, आजच वर घेतलं. आणि काळी_एक दादा, तुमचं वाचून आत्ता त्या गच्चीवर चक्कर मारून आलो. मे महिना म्हणून त्यांनी नवा कूलर आणलाय, जम्बोवाला, बरोबर आमच्या बसायच्या जागेच्या मागे. तबलजीला अजून सांगितलं नाहीये.