बोरघाटातल्या केबिन, बोगदे, छोटे पूल: मराठी विकिपीडियावर वेगळे लेख की एकच?

घाटमार्गी
कर्जत-लोणावळा पट्ट्यावर लिहायला घेतलंय. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल या केबिन (सिग्नल आणि सांधे चालवायच्या जागा), जुनं रिव्हर्सिंग स्टेशन, शिवाय बोगदे. प्रत्येकाचा वेगळा लेख करावा की सगळं एकाच लेखात घ्यावं? स्थानकांच्या एकोळी लेखांत आणखी भर नको आहे. संदर्भ कोणते धरावेत आणि विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसाठ्यात) काय भरावं तेही सुचवा.

खडी_स्लीपर
एकच लेख करा. कसोटी अशी लावा: जागा कुठे आहे, कोणत्या दोन स्थानकांच्या मधे आहे आणि गाडी थांबते का, ही तीन वाक्यं झाल्यावर चौथं वाक्य छापील, स्वतंत्र संदर्भासह लिहिता येतंय का? येत नसेल तर ती जागा तक्त्यातली एक ओळ. वेळापत्रकाने जागा अस्तित्वात आहे एवढंच कळतं, उल्लेखनीयता (स्वतंत्र लेखाची पात्रता) सिद्ध होत नाही. रेल्वेप्रेमींचे व्हिडिओही त्यात धरू नका.

नागनाथ, मंकी हिलला स्थानकाची माहितीचौकट लावू नका. फलाट, प्रवासी वगैरे रकाने रिकामे राहतात आणि पुढचा कुणीतरी ते अंदाजाने भरतो. घाटात उतरणाऱ्या गाड्या थांबतात त्या ब्रेकसाठी. उतार १:३७ चा. कॅच सायडिंगपाशी (बेकाबू गाडी अडवायच्या बाजूच्या रुळापाशी) सांधा, म्हणजे रूळ बदलायची जोड, एरवी सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी आधी थांबली, ब्रेक धरतायत हे दिसलं, की मगच तो मुख्य मार्गाला लागतो. न थांबलेली गाडी चढाच्या सायडिंगवर जाऊन वेग गमावते. एवढं 'कॅच सायडिंग' विभागात एकदा नीट लिहिलंत की तीन-चार जागांचं अर्धं काम तिथेच झालं.

जुनी_पानं
बहुतांशी सहमत, पण रिव्हर्सिंग स्टेशनचा स्वतंत्र लेख होऊ शकतो. गाडी तिथे शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि पुढची चढण उलट दिशेने व्हायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडलं. जीआयपीचे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे) मुख्य अभियंता बर्कली यांनी घाटाच्या कामावर १८६० मध्ये सविस्तर निबंध वाचला होता, तो वापरा. मात्र घाट सुरू झाला १८६३ मध्ये. त्यामुळे निबंधातले आकडे 'नियोजित' म्हणूनच द्या, 'बांधले गेले' असं लिहू नका. झालेल्या कामासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे खंड (१८८२) पाहा.

हमखास घसरायच्या जागा तीन. खंडाळा-पुणे मार्ग १४ जून १८५८ ला सुरू झाला, घाट पाच वर्षांनी. मधल्या काळात लोक पालखीने, तट्टावरून घाट ओलांडत. म्हणून 'मुंबई-पुणे रेल्वे १८५८' हे वाक्य दिसलं की खोडा. दुसरी, चेन हे लांबीचं जुनं माप. जुन्या नोंदीत घाटाची लांबी १५ मैल ६८ चेन आहे आणि लोक ती सरळ १५.६८ मैल करून टाकतात. मैलाला ८० चेन. म्हणजे १५.८५ मैल, साधारण २५.५ किमी. तिसरी, अमृतांजन पूल. तो १८३० चा, रस्त्याचा, २०२० मध्ये पाडला. देशात पहिली प्रवासी गाडी धावली १८५३ मध्ये, तरी 'ब्रिटिशकालीन रेल्वे पूल' म्हणून तो लेखांत घुसत राहतो.

घाटमार्गी
बोगद्यांची संख्या? कुठे २५, कुठे त्याहून बरीच जास्त.

जुनी_पानं
२५ हा मूळ मार्गाचा आकडा. १९२९ नंतर आखणी बदलली आणि आता अप, डाऊन, मिडल अशा तीन लाइनी आहेत. प्रत्येक आकड्यासोबत वर्ष आणि लाइन लिहा, नाहीतर सरळ गाळा. जुन्या यादीतला 'बोगदा क्र. १०' आणि आजचा १० एकच आहे असं धरून तक्ते जुळवू नका.

दुवेकरी
तांत्रिक बाजू सांगतो. प्रत्येक छोट्या जागेच्या नावाने पुनर्निर्देशन (वाचकाला दुसरीकडे नेणारं पान) करा आणि ते मुख्य लेखातल्या विभागावर न्या. विभागाचं शीर्षक कुणी बदललं की वाचक पानाच्या डोक्यावर जाऊन पडतो, म्हणून तिथे अँकर (शीर्षक बदललं तरी टिकणारी खूण) ठेवा.

विकिडेटाची अट विकिपीडियापेक्षा सैल आहे, तिथे केबिनचाही वेगळा आयटम (नोंद) चालतो. पी ३१ (जागा कोणत्या प्रकारची ते सांगणारा रकाना) मध्ये स्थानक नव्हे, सिग्नल केबिन. पी ६२५ मध्ये अक्षांश-रेखांश. बोगद्याला पी २०४३ लांबी, एककासह. अक्षांश-रेखांश ओपनस्ट्रीटमॅपवरून घाऊक उचलू नका. त्यांचा परवाना ओडीबीएल (अटींसह), विकिडेटाचा सीसी-शून्य (बिनअटींचा), जुळत नाहीत.

फोटो गाडीच्या खिडकीतून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून काढा. विनापरवाना रुळांवर उतरणं रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि घाटात वळणामागून येणारी गाडी दिसत नाही. जुना फोटो १९५८ पूर्वीचा असला तर भारतात मुक्त, पण कॉमन्सला (विकिपीडियाच्या सामायिक चित्रसाठ्याला) तो अमेरिकेतही मुक्त लागतो. तेव्हा १९४६ आधीचाच धरा.

घाटमार्गी
आणि आधीच बनलेले एकोळी लेख? वगळायला टाकू का?

खडी_स्लीपर
वगळू नका, विलीन करा. आधी चर्चापानावर प्रस्ताव टाका, हरकतीला आठवडाभर द्या. मजकूर हलवताना संपादन सारांशात मूळ लेखाचं नाव लिहा, आणि जुनं पान पुनर्निर्देशन म्हणून राहू द्या. इतिहास तिथेच टिकतो. परवान्याला मूळ लेखकांचं श्रेय लागतं, पान उडवलं की ते शोधायची सोयच राहत नाही. रिव्हर्सिंग स्टेशनचा विभागही आधी मुख्य लेखातच वाढू दे, संदर्भासह चार-पाच परिच्छेद झाले की वेगळा काढू.