समुद्र तापण्याचा हंगामी अंदाज: मच्छीमाराच्या कामाचा की सावकाराच्या?

कृष्णाकाठ (सांगली):
रत्नागिरीहून आंबा घाटाने आलेल्या बांगड्याचे कल्ले उचलून मावशी लाली दाखवतात, तेव्हा तो मासा कोणत्या पाण्यातून आला, हा विचार आपल्या मनात येत नाही. तो यायला हवा. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन मिळालेली तारली (सार्डिन मासळी) २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. अतिमासेमारी हे त्याचे एक कारण आहेच, पण शास्त्रज्ञ एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या, काळात बदललेल्या समुद्राकडेही बोट दाखवतात. एल निनोमुळे येणाऱ्या सागरी उष्णतेच्या लाटांची चाहूल काही महिने आधी लागू शकते. हैदराबादची इन्कॉइस संस्था मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे हे मच्छीमारांना कळवतेच. त्याच वाटेने हंगामाचाही अंदाज पोचला, तर डिझेलसाठी आणि जाळ्यांसाठी उचल घेण्याआधी माणूस हात आवरेल.

माणदेशी (दहिवडी):
अंदाज पोचतो, पण आधी कोणाकडे? दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात १९९७-९८ च्या एल निनोचा अंदाज आला, तेव्हा बँकांनी लहान मच्छीमारांना कर्ज देताना हात आखडता घेतला आणि मासळीच्या काही कंपन्यांनी कामगार कमी केले. माणमध्ये मी हेच पाहत वाढलो. पाऊस कमी पडणार अशी बातमी आली, की वडिलांनी बियाणे बदलायच्या आतच दुकानदार उधारीची वही मिटून टाकायचा. शिवाय अंदाज म्हणजे केवळ शक्यता. तो चुकला तर गेलेला हंगाम कोण भरून देणार?

कृष्णाकाठ:
तुमचे दुखणे खरे आहे, पण अंदाज जाहीर केला नाही म्हणून सावकाराला खबर लागत नाही असे नाही. अंधारात राहतो तो खलाशीच. पेरूनेच २०२३ मध्ये चाचणी मासेमारीत लहान मासळी फार आढळल्यावर अँकोव्ही या लहान माशाचा पहिला हंगाम रद्द केला, म्हणजे इशाऱ्यावरून समुद्रातले बीज राखताही येते.

कासपठार (सातारा):
मला तिढा वेगळ्या जागी दिसतो. आपल्याकडे पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली की सवलती मिळतात, पण तोवर पीक गेलेले असते. समुद्रासाठी तीच चूक नको. अंदाज ठरावीक पातळी ओलांडताच होडीच्या कर्जाचे हप्ते आपोआप पुढे ढकलले जावेत, आणि हे कर्ज देतानाच करारात लिहिलेले असावे.

माणदेशी:
ते कलम आधी लिहून मिळाले, तर अंदाजाला माझा विरोध नाही. मात्र स्वतःची होडी नसलेल्या खलाशाला आणि मासे सुकवणाऱ्या बाईला हप्ताच नसतो. त्यांच्यासाठी करारात काय लिहिणार?